ताफ्याचा राहिलेला फेरा

हैदराबाद, १२ दय १३३१ फसली

आजी,

पायांवर डोकं ठेवतो. मी खुशाल आहे. तुला वाचता यावं म्हणून बाळबोध लिहिलं आहे, सावकाश वाच.

आमच्या दफ्तरात मौलवीसाहेब मुलुखातले जुने शब्द गोळा करतात आणि मराठी बाजूची नक्कल मी करतो. या आठवड्यात वाजपाचे शब्द निघाले. 'ताफा' आला तेव्हा मी लिहिलं, 'वाजंत्र्यांची टोळी'. मौलवीसाहेबांनी हसून ते खोडलं. म्हणाले, "टोळी तर चोरांचीही असते, बेटा. घरी विचार."

बाबा असते तर त्यांना विचारलं असतं. आता तूच सांग. ताफा कशाला म्हणायचं आणि कशाला नाही?

बाबांनी केलेला सूर माझ्या पेटीत आहे. इथल्या एकानं तो सनई समजून हातात घेतला. मी म्हटलं, सनई गाणं वाजवते, हा नुसता एक स्वर धरून तिच्या मागं उभा राहतो. बाबांची सनई मात्र कुठं गेली ते मला कधी कळलंच नाही. तुला ठाऊक आहे का?

शिवकन्येच्या सोयरिकीचं काय झालं?

तुझा
बिभीषण


पिंपळवाडी, मार्गशीर्ष शुद्ध पंचमी

बिभ्या,

आशीर्वाद घे. एकच लिहिते, पण पुरा हाय. लोक 'अनेक' लिहितात आन् एकबी लागू पडत न्हाई.

टोळी म्हणं! गुरवाच्या पोटी येऊन तू टोळी लिहिलंस, आन् सरकार तुला त्याचा पगार देतं.

ऐक. फड नाचतो. मेळा गातो. चौघडा बसून वाजतो. ताफा चालतो. बसला की तो ताफा न्हाई, मग ती नुसती भाकरीची वाट बघणारी माणसं. पुढं सनई, तिच्या मागं सूर, त्याच्या मागं संबळ. झांज आसली तर बरी, नसली तरी भागतं. सूर नसला तर भागत न्हाई. सनईवाल्याला मधे दम घ्यावा लागतो, खोकला येतो, पण सूर मोडायचा न्हाई. आता सूरवाल्याचे गाल फुगल्याले आन् डोळ्याला पाणी, त्याला वाट काय दिसणार? म्हणून त्यानं पुढच्याचे पाय बघत चालायचं. तूबी तसंच शिकलास, तुझ्या बापाच्या, आसारामाच्या टाचा बघत. सारखा ठेचकाळायचास आन् सूर रेडकावानी वरडायचा.

निघाला तिथंच येऊन ताफ्यानं थांबायचं. आपल्या गावी पारापासून पारापर्यंत. आल्यावर घरच्या बाईनं पदर पुढं वढून, मान वर न करता, एकेकाच्या पायावर पाणी घालायचं. पाणी पडेस्तोवर बोलायचं न्हाई आन् वाजप खाली ठेवायचं न्हाई. पाणी पडलं की ताफा सुटला म्हणायचं. तुझ्या मौलवीला एवढं सांग. लई शाणा आसंल तर एवढ्यावर समजंल.

सोयरीक तलवाड्याला ठरल्यात जमा हाय. तीबी गुरवाचीच माणसं, सनईवाली. पोराचे दात पुढं हायत, पण तोंड मिटून ऱ्हातो. तुझी बहीण न्हाई म्हणली न्हाई. लग्न वैशाखात.

सनईचं मला विचारू नको. मानमोडीच्या साथीत तुझा बाप घरी खाटेवर गेला, ते तवाच कळवलं व्हतं. घरागणिक मयत आसताना कोण काय सांभाळतं? तू सूर सांभाळ. पेटीत कापूर टाक, न्हाईतर कसर लागंल.

भिवराबाई


हैदराबाद, २० बहमन १३३१ फसली

आजी,

आज इतकी घाई आहे की मोडीतच लिहितो. रागावू नकोस, पटवाऱ्याकडून वाचून घे.

तुझं पत्र मी मौलवीसाहेबांना उर्दूत करून ऐकवलं. ते उठून उभे राहिले! म्हणाले, अरबीत 'तवाफ' म्हणजे फेरा घालणं. हाजी लोक मक्केत काब्याभोवती फिरतात, तो तवाफ. फिरणाऱ्या जमावाचं नाव ताइफा. तो शब्द फारशीतून दखनीत उतरला. इथं शहरात नाचगाण्याच्या संचाला तायफा म्हणतात, आणि आपल्याकडं येऊन तो ताफा झाला. "तुझी आजी शब्दाच्या मुळाशी बसली आहे," असं म्हणाले. "जो फेरा घालून येतो तोच ताफा."

त्यांचा एक सवाल आहे. फेरा अर्धाच राहिला तर त्या ताफ्याला काय म्हणतात? त्याला तुमच्याकडं वेगळा शब्द आहे का?

लवकर कळव. कागद त्या जागी कोरा ठेवला आहे.

बिभीषण


पिंपळवाडी, माघ शुद्ध दशमी

बिभ्या,

आशीर्वाद शेवटी देईन, मन झालं तर.

मोडी कावून लिहिलीस? राधाकिशन पटवाऱ्याला वाचायला दिलं, तर तो मेला पारावर बसून मोठ्यानं वाचायला लागला. मक्का ऐकून लोक खूश झाले, काबा ऐकून खूश झाले. मग त्यानं वाचलं, 'फेरा अर्धाच राहिला तर'. मोहनराव पाटील जोडा घालून उठून गेला.

दुसऱ्या दिवशी त्याचा माणूस दारात. पाटलांनी सांगितलंय, म्हणला, जुना ताफा सुटल्याबिगर शिवेच्या आत नवा ताफा वाजणार न्हाई. म्हणलं, "इतके दिवस कुठं निजले व्हते पाटील?" तर म्हणतो, "काकू, इतके दिवस समद्यांना ठाऊक व्हतं, पण कुणी बोललं नव्हतं."

तुला म्हाईत न्हाई म्हणून सांगते. मानमोडीपासून इथं कुणी दारात वाजप आणलं न्हाई. लोक लेकी घेऊन नवऱ्याच्या गावी जातात आन् तिकडं वाजवून घेतात. कावून, तर दिवेलागणीला ओढ्याकडून सूर ऐकू येतो म्हणं. एकच स्वर, न थांबता. बाया कवाडं लावून घेतात. मी तुला सांगते, वारा हाय. तिथं लिंबाला ढोली हाय, वारा शिरला की हूं करती. मला तर ऐकूच येत न्हाई.

पण सोयरिकीला हे नडलं. तलवाड्याहून पोराचा चुलता गहिनीनाथ सोता आला. मोठा सनईवाला, मिशा पण सनईएवढ्या. त्याच्या कानावर ही भानगड गेलती. म्हणला, "बाई, लग्न पोरीच्या दारात लागतं. मोहतराच्या, पाट लावल्याल्या बाईला दिवा मालवून मुक्यानं नेतात. आमी पयल्या लग्नाची सून, वाजंत्र्याच्या घरची, तशी न्यायची? लोक म्हणतील पोरगी दुसरपणाची." खोटं काय बोलला? मी त्याच्या जागी आसते तर उंबऱ्यावर चढले नसते.

शिवकन्या जात्यावर बसलीय. तिघींचं दळण एकटी दळती, गाण्याबिगर. सोयरीक मोडली तर मोडलेल्या सोयरिकीची पोर कोण करतं?

तुझ्या कोऱ्या जागंपायी हे झालं. घे आशीर्वाद.

भिवराबाई


हैदराबाद, २० फरवर्दी १३३१ फसली

आजी,

चूक झाली. यापुढं मोडी नाही.

पण मला कळत नाही. जुना ताफा म्हणजे कुठला? कुणाचा फेरा राहिला? आणि आपल्या घराला पाटील का अडवतात? बाबा तर घरात, खाटेवर गेले. तूच तसं लिहिलं होतंस. ते पत्र मी जपून ठेवलं आहे.

खरं काय ते लिही. शिवकन्येसाठी काही करता येण्याजोगं असेल तर मी रजा काढून येतो.

बिभीषण


पिंपळवाडी, फाल्गुन शुद्ध सप्तमी

बिभ्या,

खाली बसून वाच.

तुझा बाप खाटेवर गेला न्हाई. तू तवा शहरात त्याच रोगानं पडलता. खाट डोळ्यापुढं आली की माणूस रडून मोकळं व्हतं, म्हणून मी खाट लिहिली. पुना तशी वेळ आली तर पुना लिहीन.

मानमोडीत तिरड्या बांधायला माणसं पुरंनात. मरीआईचा गाडा काढायचं ठरलं. ताफा पुढं, गाडा मागं, समदी शीव फिरायची. गाडा शिवेवर सोडायचा आन् ताफ्यानं तसंच वाजवत पारावर यायचं. आसारामाला सकाळपासून कणकण व्हती. म्हणलं, जाऊ नको. म्हणला, "माय, सनईबिगर ताफा निघतो व्हय?" निघाला. पुढं तो, मागं सूर धरून आश्रुबा, त्याच्या मागं सुग्रीव संबळवाला.

गाडा शिवेवर सोडला आन् माघारी येताना ओढ्यापाशी, लिंबाखाली, तुझा बाप खाली बसला. आश्रुबाचा सूर मोडला. सुग्रीव खाट आणायला गावाकडं पळत आला, तर पाटलानं वेशीत माणसं आडवी घातली. "रोग शिवंला लावून आलोय. आता तिकडून आत काय येऊ देणार न्हाई." मी पारावर तांब्या घेऊन उभी व्हते, त्यांच्या पायावर घालायला. तोच घेऊन ओढ्यावर गेले. त्याच्या तोंडाला लावला. निम्मं प्याला, निम्मं सांडलं. गावात आणू दिला न्हाई म्हणून तिथंच लिंबाखाली माती दिली. सनई मुठीतून सुटंना, तशीच त्याच्यासंगं ठेवली. आश्रुबा त्याच आठवड्यात गेला. सूर तेवढा घरी आला, तोच तुझ्याकडं धाडला.

आता काम ऐक. मोडलेला फेरा मोडला तिथूनच उचलायचा. सूर तोच लागतो आन् माणूस घरचा लागतो. दोन्ही तुझ्यापाशी हाय. सुग्रीवाला आता दिसत न्हाई, पण हात शाबूत हायत. सनईला गहिनीनाथ येतो म्हणला. तलवाड्याहून नीट ओढ्यावरच येईल. पाटील कबूल झालाय. ताफा सुटला की लग्नाला वाजप मोकळं.

फाल्गुनी अवसेला, दिवस कलला की निघायचं. गाव कवाडं लावून आत बसंल. पारावर मी एकटी. दुसऱ्याचा फेरा जो पुरा करतो त्यानं त्या दिवशी कुणाशी बोलायचं न्हाई आन् घराचा उंबरा वलांडायचा न्हाई. पाणी पडलं की पाठ फिरवून गाडीत बसायचं आन् पाटोद्याची वाट धरायची. भाकरी गाडीत ठेवीन.

गाव म्हणतं भूत हाय. मी म्हणते वारा हाय. मला पोरीचं लगीन करायचंय.

भिवराबाई


हैदराबाद, २७ उर्दिबेहिश्त १३३१ फसली

आजी,

पोचलो. तुझ्याशी एक शब्दही न बोलता यावं लागलं, म्हणून गाडीत बसल्यापासून मनात पत्रच लिहीत होतो.

ओढ्यावर मी आणि सुग्रीवकाका बराच वेळ थांबलो. लिंबाखाली दगडांची रास आहे. मी तिकडं पाठ करून बसलो, मला तिकडं बघवेना. गहिनीनाथकाका येईनात. दिवस टेकायला आला तसा सुग्रीवकाकांनी माझ्या गुडघ्यावर थाप मारली, चल म्हणून. मला वाटलं, सनई नाही, आता हसं होणार. तरी सूर धरला. गाल भरले, डोळ्यांना पाणी आलं, समोरचं सगळं पुसलं. थोडं चाललो असेन, तेवढ्यात सनई लागली आणि पुढं पाय दिसले. उशिरा का होईना, काका आले. माझा जीव भांड्यात पडला.

आजी, काय वाजवलं त्यांनी! मला वाट शोधावी लागली नाही. ते पाय पडतील तिथं माझे पडत गेले. त्यांना माझा नमस्कार सांग. ती चाल कुणाची तेही विचार, मला ती कुठंतरी ऐकल्यासारखी वाटते. त्यांचं तोंड बघावंसं वाटलं होतं, पण तुझं पाणी पडलं आणि मला पाठ फिरवावी लागली.

आता पाटील काय म्हणतात?

बिभीषण


पिंपळवाडी, चैत्री पुनव

बिभ्या,

पाटील काय म्हणणार? कवाड लावून बसलता. ताफा सुटला असं त्यानं पाराला हात लावून सांगितलं. शिवकन्येचं लगीन वैशाख वद्यात धरलंय. पोरगी जात्यावर गाणं म्हणायला लागली. बेसूर म्हणती, म्हणू दे.

गहिनीनाथाला तुझा नमस्कार सांगितला न्हाई.

सिंदफणेच्या वाळूत त्याच्या गाडीचा आख मोडला. तो पाडव्याच्या सकाळी आला, मिशा खाली पडल्याल्या. म्हणला, "बाई, तोंड दाखवायला जागा न्हाई. आता पुना कवा करायचं?" म्हणलं, "झालं." म्हणला, "सनईबिगर?" म्हणलं, "जेवा गुमान." जेवला आन् गेला.

सुग्रीवाकडं गेले. सहज विचारल्यागत विचारलं, परवा ठेका कसा पडला? म्हणला, "लई दिवसानी हात बसला, काकू. सनई आशी आसली की संबळ आपोआप वाजतो. कावून इचारता?" म्हणलं, काय न्हाई. त्याच्या सुनंनं चहाचं विचारलं, मी थांबले न्हाई.

आता मी एक विचारते. तू पाय बघितले म्हणतोस. कसे व्हते ते लिही. मी काय बी सांगत न्हाई आन् तूबी मला खूश करायला लिहू नको. दिसलं तेवढंच लिही.

बाळबोध लिही. हे पटवाऱ्याच्या तोंडात जायला नको.

भिवराबाई


हैदराबाद, १४ खुर्दाद १३३१ फसली

आजी,

तुझं पत्र आल्यापासून दफ्तरात दोन कागदांवर शाई सांडली.

पायांत जोडा नव्हता. टाचा भेगाळलेल्या. उजव्या पायाची करंगळी शेजारच्या बोटावर चढलेली होती.

त्या टाचा बघतच मी सूर धरायला शिकलो, तेव्हा मला ते वेगळं वाटलंच नाही. पुढं पाय म्हटले की ते तसेच असणार, असं डोळ्यांनी धरलं असेल. गहिनीनाथकाकांचे पाय मी कधी पाहिलेले नाहीत. म्हणून आता तू लिही, की त्यांची करंगळी तशी आहे. किंवा तशी नाही ते लिही. पण काहीतरी लिही.

बिभीषण


पिंपळवाडी, वैशाख शुद्ध एकादशी

बिभ्या,

गहिनीनाथाची करंगळी सरळ हाय. जेवायला बसला तवा मी बघून घेतली.

आता माझं ऐक आन् मग कुणाला सांगू नको. मौलवीलाबी न्हाई.

मी पारावर तांब्या घेऊन उभी व्हते. पदर पुढं, मान खाली. वाजप ऐकू आलं. गहिनीनाथच आला आसं मीबी धरलं. तुमी आलात. मी पयल्यांदा पुढच्याच्या पायावर पाणी घातलं. पाणी मातीवर पडलं की थप् आवाज व्हतो आन् चिखल उडतो. पायावर पडलं की ते निथळतं, त्याला आवाज नसतो. साठ वर्षं मी पाणी वततेय, मला कळतं. त्याला आवाज झाला न्हाई. मग मला ती करंगळी दिसली. बाळंत झाले तवा सुईण म्हणली व्हती, तेल लावून वढत जा, सरळ व्हईल. वढली. झाली न्हाई.

मान वर केली न्हाई. रीत हाय म्हणून न्हाई. केली आसती तर काय दिसलं आसतं आन् काय दिसलं नसतं, दोन्ही मला नको व्हतं. मग तुझ्या पायावर घातलं, मग सुग्रीवाच्या. तुझी गाडी हालली, सुग्रीवाला त्याची सून घेऊन गेली. मग मी वर बघितलं. पार रिकामा. पुढच्या फरशीवर वल्ल्या पायाचे ठसे. ते वेशीकडं न्हाई गेले, आपल्या घराकडं गेले. उंबऱ्यापाशी वाळले.

म्हातारी चळली म्हणशील म्हणून मी आधी तुझ्याकडून पाय लिहून घेतले. दोघांनी एकच बघितलं. आता काय म्हणायचं ते म्हण.

मौलवीच्या कोऱ्या जागंचं राहिलं. अर्ध्या राहिलेल्या फेऱ्याला शब्द न्हाई. तो राहिलाय तवर त्याचं नाव कुणी घेत न्हाई, मग शब्द कुठून येणार? जागा कोरीच ठेव म्हणावं. आन् ताफ्याचं लिहून घे. जितके निघाले तितके घरी आले म्हंजे ताफा. मक्केत काय म्हणतात ते त्याला ठाऊक.

लग्नाला ये. सूर घेऊन ये. गहिनीनाथाचा ताफा दारात वाजणार हाय, त्याच्या मागं तू उभा ऱ्हा. आन् नीट धर. परवा वेशीपाशी तुझा सूर फाटला, मी ऐकलं. तुझ्या बापानं तुला पुढं होऊन सावरून घेतलं, दर वेळेला कोण घेणार?

इथं समदं बरं हाय. बाया आता दिवेलागणीला अंगणात बसतात, पोरं ओढ्याकडं जातात. आता काय बी ऐकू येत न्हाई म्हणून गाव खूश हाय.

मीबी दारात बसते. कान देऊन बघते. खरंच काय ऐकू येत न्हाई. मला मेलीला करमत न्हाई.

भिवराबाई